होणाऱ्या सासऱ्याची दाढ

नशवाने होणाऱ्या सासऱ्याच्या तोंडात डोकावून पाहिलं आणि लग्नाला होकार दिला.

मुलाचा चेहरा तिने अजून धड पाहिलाही नव्हता. सरबताचा ट्रे घेऊन ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा हाजी मुतवल्ली स्वतःच्याच विनोदावर हसत होते. कैरोच्या फग्गाला बाजारात ज्याचं नळांचं आणि फरश्यांचं भलंमोठं दुकान आहे तो माणूस काय तोंडावर हात ठेवून हसणार? मान मागे टाकून, पार घसा दिसेपर्यंत हसत होते. गॅलरीतलं ऊन थेट त्या तोंडात पडलं होतं. आणि डावीकडच्या खालच्या मोठ्या दाढेत, ती मागच्या दाढेला टेकते तिथे, नशवाला एक करडी सावली दिसली. वरून शाबूत, आतून पोखरलेली. ट्रेमधले पेले किणकिणायला लागले.

"लाजली गं माझी बाई!" नशवाची आई सनिया सुखावून म्हणाली.

लाजतेय कसली. पोरगी अल्लाचे आभार मानत होती.

सरकारी दंत-कॉलेजात खुर्ची मिळते, पांढरा कोट स्वतःच्या पैशाने शिवावा लागतो आणि रोगी घरून आणावा लागतो. हसू नका. अर्धं कैरो गाल धरून कण्हत असताना शेवटच्या वर्षाची मुलं रोगी शोधत चहाच्या टपऱ्यांवर, मायक्रोबसच्या थांब्यांवर, लग्नाच्या मांडवांत लोकांच्या जबड्यांत डोकावत फिरतात. "काका, जरा आ करता का?" म्हटलं की लोक पाकीट सांभाळतात. कसंबसं एखादं तोंड मिळवायचं, प्रोफेसरांच्या देखत दाढ भरायची, मग ते टोचणीने कडा तपासणार आणि मनात आलं तर सही करणार. भरणाचा एक प्रकार राहिला तर अख्खं वर्ष पाण्यात. हा नियम ज्या डोक्यांतून निघाला त्यांच्या खासगी दवाखान्यांत रोग्यांच्या रांगा लागतात. त्यांना कशाला कुणाच्या तोंडात न बोलावता बघायची वेळ येईल?

नशवाचं मागचं वर्ष असंच बुडालं होतं, एका चांदीच्या भरणापायी. मागची दाढ हवी, कीड दोन दाढांच्या मधे हवी आणि माणूस चांदी भरून घ्यायला तयार हवा. असा माणूस इम्बाबात नव्हता, शुब्रात नव्हता, मामाच्या गावीही नव्हता. गरिबांनी दाढा केव्हाच उपटून टाकलेल्या. ज्यांच्या शिल्लक होत्या ते म्हणायचे, "चांदी नको बाई, तव्यासारखी काळी दिसते. पांढरं भरत असशील तर बोल." यंदा क्लिनिकचा शेवटचा दिवस होता गुरुवार. वडिलांनी सांगून ठेवलं होतं की पुन्हा नापास झालीस तर कॉलेज बंद, वर्षं मोजत बसायला मी काही पिरॅमिड बांधत नाहीये. आणि आज मंगळवार होता.

मुलामुलीला चार शब्द बोलता यावेत म्हणून गॅलरीत बसवलं. तलअत उंच होता, पण सबंध उंचीबद्दल माफी मागत असल्यासारखा खांदे पाडून बसला होता.

"तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा," तो म्हणाला.

"तुमच्या बाबांना गोड खाल्लं की ठणकतं का?"

तलअतचा चेहरा उतरला. "तुम्हाला कसं कळलं?"

"आणि गार पाण्याने?"

"ठणकतं. पण ऐका ना, मला एक सांगायचंय. याआधी दोनदा..."

"दोनदा ठणकलं?"

"नाही हो. याआधी दोनदा मुलींनी मला..."

"तलअत!" आतून हाजींचा आवाज आला. "पोरीला बोलू दे की जरा!"

बसबूसाच्या, रव्याच्या गोड वड्यांच्या, बशा फिरत होत्या तेव्हा नशवाने संधी साधली. "काका, तुमची डावीकडची दाढ किडलीय. गुरुवारी कॉलेजात या, मी भरून देते."

सनियाच्या हातातली बशी तिरपी झाली आणि बसबूसा गालिच्यावर पडला. पहिल्यांदा घरी आलेल्या सोयऱ्याला कुणी असं तोंडावर सांगतं? "अगं ए! पाहुण्यांच्या तोंडात काय आहे ते बघायला बोलावलंय का त्यांना?"

हाजी मात्र रागावले नाहीत. "किती वाजता येऊ?" असं त्यांनी इतक्या झटकन विचारलं की एखादी शहाणी मुलगी तिथेच सावध झाली असती. "सोयरिकीची फातिहा काय, नंतर वाचता येईल. लग्न ठरवण्याची घाई नको. आधी दाढ."

नशवाला वाटलं, इतका समजूतदार सासरा मिळायला नशीब लागतं.

गुरुवारी हाजी मुतवल्ली सूट घालून, अत्तर लावून, तलअतला मागे घेऊन क्लिनिकमध्ये आले. मोठ्या हॉलमध्ये ओळीने खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीत कुणाचा तरी शेजारी, कुणाचा तरी वॉचमन, कुणाचा तरी इस्त्रीवाला तोंड वासून पडला होता. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, अजानीला हॉलला कुलूप लागायचं होतं.

"काय भरणार?" खुर्चीत टेकताच हाजींनी विचारलं.

"चांदी."

"आणि पांढरं का नाही? काचेचं सिमेंट का नाही? मी दुकानदार माणूस आहे पोरी. तीन प्रकारचा माल समोर मांडल्याशिवाय मी साबणदाणीसुद्धा घेत नाही. मला एवढंच सांग, पुन्हा कीड लागू न देणारं कुठलं?"

खोटं बोलायची हीच वेळ होती. नशवाला ते जमलं नाही.

"एकही नाही, काका. भरणाने भोक बुजतं. कीड लागते ती साखरेने. चहात किती चमचे घालता?"

"माझ्या चहाच्या वाटेला जाऊ नकोस. मालाचं बोल."

"मग ऐका. पांढरं दाताच्या रंगाचं असतं आणि दात कमी कोरावा लागतो. पण निळ्या दिव्याखाली घट्ट होताना ते आक्रसतं. तेव्हा थुंकीचा एक थेंब जरी लागला तरी कडेला केसाएवढी फट राहते, आणि कीड तिथूनच परत आत. तुमची जागा पार मागे, हिरडीला लागून. ती कोरडी ठेवणं महाकठीण. काचेचं सिमेंट दाताला आपणहून चिकटतं, त्यातून औषध पाझरत राहतं, आसपासच्या दाताला ते जपतं. पण चावून चावून झिजतं. या दाढेवर ते टिकायचं नाही. चांदी दिसायला वाईट, दात जास्त कोरावा लागतो. पण दणकट. आणि तिच्यावर जो गंज चढतो ना, त्यानेच कडेच्या फटी हळूहळू बुजतात."

"गंज हा गुण? माझ्या दुकानात असं बोलली असतीस तर हाकलून दिलं असतं." हाजी खूश झाले होते. "पण तू जास्त सांगितलंस. त्या दोघींनी फक्त आपापल्याच मालाची..." ते एकदम खोकले. "चल, बघ. आ करतो."

नशवाने आरसा आत घातला आणि तिचा हात थांबला. उजवीकडच्या दाढेत पांढरं भरण होतं. वरच्या सुळ्याशेजारी, हिरडीपाशी, काचेच्या सिमेंटचा ठिपका होता. दोन्ही कामं शिकाऊ हातांची. जरुरीपेक्षा जास्त मन लावून केलेली.

"ही कुणी केली, काका?"

"झाली कधीतरी," हाजी म्हणाले आणि छातीवरचं हिरवं फडकं त्यांनी नाकापर्यंत ओढून घेतलं.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून नशवाची मैत्रीण रबाब कापूस मागायला आली, सवयीने वाकली आणि उघड्या तोंडात पाहून किंचाळलीच.

"ही माझी दाढ आहे!"

"तुझी? ही काकांची आहे."

"भरण माझं आहे गं! ही मधली खाच बघ. ती घडवायला मला अख्खी सकाळ लागली होती, मी ती डोळे बांधूनसुद्धा ओळखेन." रबाबने हिरवं फडकं ओढलं. खाली हाजी मुतवल्ली डोळे गच्च मिटून पडले होते, जसं काही त्यांना दिसेनासं झालं की तेही कुणाला दिसणार नाहीत. "हाजीकाका! गेल्या वर्षी रमजानच्या आधी तुम्ही आमच्याकडे मुलगी बघायला आला होतात! दाढ भरून घेतलीत आणि चौथ्या दिवशी निरोप पाठवलात, अल्लाचा कौल मागायला इस्तिखाऱ्याची नमाज पढलो, मन राजी होत नाही म्हणून!"

खुद्द देवानेच नको म्हटलं म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? रबाबच्या घरच्यांनी भांडण केलं नव्हतं. रबाबने ही गोष्ट लाजेने कुणाला सांगितलीही नव्हती. आता मात्र तिचा आवाज हॉलच्या पार टोकाला पोचला आणि तिथून मिर्वत धावत आली. ती एक वर्ष पुढे होती, आता शिकाऊ डॉक्टर म्हणून तिथेच काम करत होती. तिने वरच्या सुळ्याशेजारचा ठिपका पाहिला.

"माझं काचेचं सिमेंट! आमच्याकडे तर हे दोन किलो बकलावा घेऊन आले होते. मलाही इस्तिखाराच कळवला!"

हॉलमधले सगळे ड्रिल एकेक करून बंद पडले. या कॉलेजात रोगी पळवलेले लोकांनी पाहिले होते, उसने दिलेले पाहिले होते. रोग्यानेच डॉक्टरिणी गोळा केलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या.

पण सर्वांत मोठा धक्का बसला तो तलअतला. तो भिंतीपासून सुटा झाला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही तर म्हणालात की मुलींनी मला नाकारलं. ही रबाब म्हणाली ना, की माझे खांदे मानगूट मुरगळलेल्या कोंबडीसारखे आहेत?"

"मी?" रबाब थक्क झाली. "मी दोन दिवस जेवले नव्हते हो!"

"बाबा!"

हाजी उठून बसले. पकडला गेलेला दुकानदार कधी गयावया करत नाही, तो उलट गिऱ्हाइकालाच झापतो. "ओरडू नका! एकुलता एक मुलगा आहे माझा. सून काय सरबताच्या ट्रेवरून पारखायची? सरबत तर आई करते आणि नाव मुलीचं सांगतात. मी म्हटलं, आपण खुर्चीत बसू. परक्याच्या तोंडात जिचा हात हलका, ती घरात भांडी आपटणार नाही. ह्या रबाबने माझा ओठ चिमटला. मिर्वत सारखी फोनवर. आता तिसरी बघतोय, तर तुम्ही तमाशा मांडलात!"

चिक्कूपणाला इतकं सुंदर कारण कुणी दिलं नसेल. आणि वाईट म्हणजे त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास बसला होता.

गलका ऐकून विभागप्रमुख प्रोफेसर शौकत आले. ते वर्षभर रोग्यांकडे फर्निचरवरच्या धुळीकडे बघावं तसं बघत. सगळा प्रकार ऐकून आता ते ओरडतील, हाजींना बाहेर काढतील, अशी नशवाला भीती वाटली. बाहेर काढलं तर दाढही बाहेर. पण प्रोफेसरांचे डोळे चमकले.

"एकच तोंड! एकच थुंकी, एकच साखर, आणि दोन वेगवेगळी भरणं, तिसरं होऊ घातलेलं! सगळे इकडे या. असं तोंड युरोपातही मिळत नाही!"

मग सुरू झालं व्याख्यान. साठ डोकी हाजींच्या तोंडावर वाकली. प्रोफेसरांनी टोचणी काचेच्या सिमेंटवर फिरवली. "झिजलंय, पण भोवती कीड नाही. शाब्बास." मिर्वत फुलली. मग टोचणी पांढऱ्याच्या खालच्या कडेवर गेली आणि तिथे अडकली. "रबाब, तू भरताना ओलं होतं इथे. फट राहिलीय. आत कीड परत सुरू." रबाबचा चेहरा त्या भरणापेक्षा पांढरा पडला. "हे आजच्या आज काढून नव्याने भर. नाही तर यंदाची सही विसर."

आणि ते बोलतच राहिले. जपानबद्दल बोलले, स्वतःच्या तरुणपणाबद्दल बोलले. खिडकीतलं ऊन खुर्चीवरून सरकून फरशीवर गेलं. दोन मुलींना एकच तोंड हवं होतं आणि ते तोंड प्रोफेसरांच्या बोटांनी भरलं होतं.

"सर," नशवा शेवटी म्हणाली, "माझी दाढ राहिलीय."

"ती मी करणार. एका कंपनीने नवं भरण पाठवलंय, ते तिसरं म्हणून टाकू. माझा निबंध होईल."

नशवा मधे घुसली. "सर, माझं वर्ष जाईल! दाढ मी शोधलीय. या दाढेपायी मी लग्नाला हो म्हटलंय!"

हे शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. तलअतने मान हलवली. आता त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

तारणहार भलत्याच दिशेने आला. हाजींनी प्रोफेसरांचं मनगट धरून तोंडातून बाहेर काढलं. "तुम्ही कोण?"

"मी विभागप्रमुख."

"तुम्हाला लग्नाची मुलगी आहे?"

"नाही."

"मग माझ्या तोंडात तुमचं काय काम?"

"मी फुकट करतोय!"

"माझं आजवर सगळं फुकटच झालंय. सरका बाजूला. भर गं पोरी, चांदी."

साठ जणांदेखत असा अपमान प्रोफेसर शौकत यांचा कधी झाला नव्हता. ते लाल होऊन बाजूला झाले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

नशवाने भूल दिली. मग तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. कीड कोरून काढली, दाढेभोवती पातळ पट्टी बसवली, चांदी थोडी थोडी करून दाबून भरली आणि ओली आहे तोवर दाढेचा आकार कोरून काढला. रबाब शेजारी उभी राहून थुंकी ओढायची नळी धरत होती आणि अधूनमधून खिडकीतल्या उन्हाकडे बघत होती. पट्टी काढली तेव्हा दोन दाढांची अंगं एकमेकींना अशी टेकली होती जशी जन्मापासून तशीच असावीत.

"काका, आता दात आपटू नका. बोलू नका. चांदी कच्ची आहे."

प्रोफेसर आले. टोचणी वरून फिरवली, बाजूने फिरवली, खाली हिरडीजवळ फिरवली. कुठे अडकेना. पुन्हा फिरवली. चूक सापडत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा अधिकच कडू झाला. त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "रोगी तुझा कोण?"

नशवाने उत्तर द्यायच्या आत साठ तोंडांनी उत्तर दिलं. "होणारे सासरे, सर!"

"मग नाही धरता येणार. नातेवाइकावर केलेलं काम मी धरत नाही."

"सर, असा नियम नाहीये!"

"आत्तापासून आहे. सगळ्यांना."

अशी माणसं परीक्षा घेतात आणि आपण त्यांच्यापुढे उभे राहून कोटाची बटणं लावतो. नशवा खुर्चीकडे वळली. हाजींचा अर्धा जबडा बधिर होऊन लोंबत होता, गालात कापसाचे बोळे होते.

"काका, मला माफ करा. तुमची दाढ चांगली आहे, मुलगाही चांगला असेल. पण हे लग्न मला मान्य नाही."

"आँ?" हाजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांना नकार कळवत होतं, आणि तोही त्यांच्या आधी. "आँ! आँआँआँ!"

"बोलू नका, काका. कडा मोडेल." मग ती प्रोफेसरांकडे वळली. "सर, आता हे माझे कोणीही नाहीत."

साठ जण बघत होते. नियम दोनच मिनिटांचा होता, तो इतक्यात बदलता येईना. प्रोफेसरांनी सही केली, पण अशी की पेनाचं टोक कागदाच्या पलीकडे गेलं. नशवाने तो कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला.

तेवढ्यात तलअत पुढे आला. खांदे वर आले होते. आता तो खरोखरच उंच दिसत होता. "रबाब," तो म्हणाला, "या वेळी मी विचारतोय. बाबांना मधे न घालता. तुमची ना नव्हतीच, हे मला आजच कळलं. तर मग..."

रबाब कानापर्यंत लाल झाली. तिने तलअतकडे पाहिलं. ज्याच्यासाठी ती दोन दिवस उपाशी राहिली होती तो माणूस आज स्वतःच्या तोंडाने विचारत होता. मग तिने पेनाला टोपण लावणाऱ्या प्रोफेसरांकडे पाहिलं. मग खिडकीकडे. असरच्या अजानीला अजून वेळ होता, पण थोडाच.

"तलअत," हातमोजे चढवत ती म्हणाली, "निकाल लागेपर्यंत मी तुम्हाला ओळखत नाही." आणि तिने दिवा हाजींच्या उजव्या दाढेवर वळवला. "आणि काका, तुम्हाला तर मी आज पहिल्यांदाच बघतेय. आ करा."